मूठ कोणी घ्यायची

दारातल्या यंत्राने डोक्यावर टोपी ठेवून मेंदूचं वय सांगितलं, अकरा. म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या वेणूताई साळगावकर 'गो'च्या स्पर्धेत मुलांच्या गटात बसल्या. आजारात गेलेल्या पेशींच्या जागी डॉक्टरांनी नव्या वाढवल्या होत्या. हा पटावरचा खेळ त्या चाळीस वर्षं खेळल्या होत्या, पण एकही डाव आता आठवत नव्हता. आपल्यात त्यातलं काही उरलंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

समोर तेरा वर्षांची अन्विता तांबट होती. बसल्याबरोबर वेणूताईंचा हात पांढऱ्या सोंगट्यांच्या वाटीत गेला आणि मूठ भरून पटावर येऊन थांबला.

"ही मूठ कशाला घेतली मी?" त्यांनीच विचारलं.

पंच म्हणाले, "आजी, पहिली खेळी कुणाची ते ठरवायला वयाने मोठा असेल त्याने मूठ घ्यायची, लहानाने सम की विषम ओळखायचं, अशी रीत आहे. पण यंत्राप्रमाणे अन्विता मोठी. तुम्ही सोडा."

"मला ही रीत कुणी सांगितली?"

"राहू द्या ना सर," अन्विता म्हणाली. "टोपी तुम्ही त्यांच्या डोक्याला घातली, हाताला कुठे? आजी, माझं विषम."

वेणूताईंनी हळूच मूठ उघडली. आत किती आहेत, ते त्यांनाही बघायचं होतं.