अंगठ्याखालचा गाल

निवृत्तीची भेट म्हणून कारखान्याने पाठवलेला नवा व्हिडिओ-पडदा सय्यदने भिंतीवर बसवला आणि म्हणाला, “मॅडम, दाबून बघा. तुमचेच खांब आहेत यात.”

काटदरेबाईंना अख्खा कारखाना ओळखायचा तो त्या खांबांमुळेच. बाईंनी शोधून काढलेले हे केसाहून बारीक खांब पडद्याच्या दोन काचांमधलं अंतर धरून ठेवत, त्यामुळे कितीही दाबलं तरी चित्रावर डाग उमटत नसे.

पडद्यावर मंगळावरून आलेला लेकीचा निरोप सुरू होता. इथून बोललेलं ऋजुताला पोचायला वीस मिनिटं लागायची, उत्तर यायला आणखी वीस. बिनखांबांच्या जुन्या पडद्यावर मात्र बाई तिच्या गालावर अंगठा टेकवायच्या आणि तिथल्या तिथे रंग हलायचे, खळी पडल्यासारखे. तेवढंच काय ते लगेच मिळायचं.

बाईंनी अंगठा दाबला. मग अंगाचा भार देऊन दाबला. गाल ढिम्म हलला नाही.

“पास ना, मॅडम?”

“पास,” बाई म्हणाल्या. “जुना कुठे ठेवलास?”

“ठेवतोय कुठला? खाली नेऊन फोडला की! डाग पडणारा पडदा शिल्लक ठेवायचा नाही, हा नियम तुमचाच ना?”

पडद्यावर ऋजुता विचारत होती, “आई, ऐकतेयस ना?”

बाईंचा अंगठा अजून तिच्या गालावरच होता.