पेरोनेलचं पाठांतर

मुलगा झाला नाही म्हणून काउंट आदेमारने लेकीकडे कधी धड पाहिलं नव्हतं. या हिवाळ्यात मात्र तो पेरोनेलला मांडीवर घेऊन आपल्या पूर्वजांची नावं पाठ करून घेऊ लागला. "तुझ्या माहेरचीही शिकव तिला," असं तो बायकोला म्हणाला, तेव्हा आलाईसने हरखून मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. बापाला अखेर माया फुटली होती.

ईस्टरच्या पंगतीला बिशप आले.

"चल गं माझी साळुंकी, म्हणून दाखव," आदेमार म्हणाला.

पेरोनेल बाकावर उभी राहिली. "बाबांचे बाबा गी, त्यांचे बाबा आर्नोल, त्यांची आई हिल्देगार्द!"

"शाब्बास! आणि आईकडची?"

"आईची आई ओडा, तिची आई बेर्त, तिची आई हिल्देगार्द!"

पंगत हसली. बिशपांनी मात्र हातातला घास खाली ठेवला.

"नवराबायको एकाच पणजीची पणतवंडं? इतक्या जवळच्या रक्तात लग्न चर्चला मंजूर नाही. मग हे लग्न देवाघरी कधी लागलंच नाही. काउंट, तुम्ही मोकळे झालात. बाईंनी उरलेले दिवस मठात काढावेत."

आदेमारने मान खाली घातली. बाहेर अंगणात खोगीर चढवलेलं खेचर सकाळपासून उभं होतं. ते कोणासाठी, हे आलाईसला आत्ता कळलं.

पेरोनेलने तिची बाही ओढली. "आई, रडतेस का? हिल्देगार्द मी दोन्ही वेळा मोठ्याने म्हटलं ना! बाबांनी तसंच म्हणायला सांगितलं होतं."