कोरी बाजू

सहावी खुंटीही सटकन निघाली.

ओढीचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा काटा जेमतेम हलला होता. मेंढीच्या हाडात बारा आठवडे राहिलेली टायटॅनियमची खुंटी खरं तर अशी सुटायला नको होती. हाडाने धातूला घट्ट धरावं म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी पंधरा वर्षं खपून तिच्यावरचा मुलामा बनवला होता. आणि इथे ओल्या मातीतून गवत उपटावं तशा एकामागून एक खुंट्या हातात येत होत्या.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उघडं बोट लागलं की हा मुलामा वाया जातो, हे त्यांनीच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलं होतं. आणि खुंट्या पाकिटांत बंद करण्याचं काम मदतनीस बाईंकडे होतं.

“हातमोजे न घालता हाताळल्यात तुम्ही,” ते म्हणाले. “कबूल करा, नाहीतर मला वर तसं लिहून कळवावं लागेल.”

लिहून कळवलं म्हणजे बाईंची नोकरी गेलीच. या बाई झोपतानाही हातमोजे काढत नसतील, अशी प्रयोगशाळेत त्यांची थट्टा चाले. पण पाकिटं बंद केली त्या आठवड्यात लेक तापाने फणफणली होती आणि बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घातले होते ना आपण हातमोजे? छातीठोकपणे सांगवेना.

त्यांनी ती सहावी खुंटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पडद्यावर चित्र उमटलं. एका अरुंद पट्टीवर हाड मुलाम्याला असं चिकटलं होतं, की सुटताना ते स्वतःच तुटलं होतं. उरलेली बाजू मात्र साफ कोरी होती. त्या कोऱ्या जागेत बारीक वळणदार रेषा होत्या, आणि त्यांना आडवा छेदणारा एक जुना व्रण. अंगठ्याचा ठसा होता तो.

बाईंनी हातमोजा उतरवला आणि स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरला. त्यावर व्रण नव्हता.

“सर, हा माझा नाही.”

सर आपला व्रण असलेला अंगठा मुठीत मिटून हळूच म्हणाले, “पाकिटात जाण्याआधी प्रत्येक खुंटीवर एकदा अंगठा टेकवला होता मी. हात स्वच्छ धुतले होते, बाई. पण पंधरा वर्षांनी जमलं होतं... राहवलं नाही.”