राज्य कोणावर?

तगर नगरीत राज्य सातवाहनांचं होतं, पण आमच्या गल्लीतल्या लपंडावात ते कायम माझ्यावरच यायचं. माझ्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईने माझ्या गळ्यात नऊ ताईत बांधले होते. वाघनख, कवड्या, तांब्याची डबी, यवन व्यापाऱ्याकडचा हस्तिदंती मासा आणि काय काय! कुठेही लपले तरी मी खुळखुळ्यासारखी वाजायचे.

एक दिवस मी ते सगळे काढून शेळीच्या गळ्यात अडकवले आणि कुंभाराच्या रांजणाआड दडून बसले. शेळी खुळखुळत गल्लीभर उधळली आणि सगळी पोरं तिच्यामागे! हसू दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलं.

तेवढ्यात आवाजाच्या मागावर आई आली. शेळीच्या गळ्यात ताईत बघून ती मटकन खालीच बसली.

"माझी पोर कुठाय?"

मला शोधतेय, म्हणजे राज्य आता हिच्यावर! मी मागून जाऊन तिच्या पाठीवर जोरात थाप मारली, "धप्पा!"

तिने मला बदडायला हात उगारला. मग तोच हात स्वतःच्या ओल्या डोळ्यांवर ठेवला.

"एक... दोन... पळ गं, तीन..."