क्रूरसेनाला मारायचं कुणी?

"मी मरनार न्हाई, मास्तर," असं म्हणून आकारामनं लाकडी तलवार खाली टाकली आणि डोक्यावरच्या मुकुटासकट तो धर्मशाळेच्या पायरीवर जाऊन बसला. "इटलीत जर्मनाच्या हातनं मेलो न्हाई, आन् आता वरच्या आळीच्या हातनं मरू व्हय?"

चिंतामण मास्तरांनी वही मिटली. 'क्रूरसेनाचा काळ अर्थात सत्याचा खड्गविजय' हे पाच अंकी नाटक त्यांनी अकरा वर्षं खपून लिहिलं होतं. त्यात क्रूरसेन मरतो एवढी एकच गोष्ट घडत होती, बाकी सगळी भाषणं होती. आता तीही घडेना. येत्या शनिवारी सांगलीहून गोपाळकृष्णपंत तालीम बघायला येणार होते. पंतांची स्वतःची नाटक कंपनी होती. त्यांना पसंत पडलं तर नाटक सांगलीच्या रंगभूमीवर उभं राहणार होतं, आणि मास्तरांना या जन्मात त्यापलीकडे काही नको होतं.

शिराळ्याजवळच्या त्या पेठेच्या गावाला दोन आळ्या होत्या. पालखीचा पुढचा दांडा कुणी धरायचा यावरून त्या नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मधे एवढी मोठी लढाई सुरू होऊन संपली, दांड्याचा निकाल काही लागला नाही. मास्तर मूळचे वाईचे, गावच्या शाळेवर बदलून आलेले. नाटकानं मनं जुळतील अशी त्यांची भाबडी समजूत. म्हणून हौशी मंडळी जमवून त्यांनी वरच्या आळीचा नाथाजी नायक केला आणि खालच्या आळीचा आकाराम खलनायक. मुकुट होता, सगळ्यांत लांब भाषण होतं, तोवर आकाराम खूश होता. पण आदल्या दिवशी त्याच्या चुलतीनं, बनुबाईनं, पाचवा अंक ऐकला आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

मग मास्तरांनी दुरुस्त्या सुरू केल्या. क्रूरसेनाला विष द्यावं, तर विष देणारी दासी निघाली वरच्या आळीची. नाग डसवावा, तर दोन्ही आळ्या उठल्या. नाग आपला देव, तो कुणाला चावत नाही, असं त्यांनी मास्तरांना वेगवेगळं येऊन सांगितलं. बुरुजावरून पाय घसरवावा, तर खालच्या आळीचा पाय आजवर घसरलेला नाही, असा बनुबाईचा निरोप आला. शेवटी मास्तरांनी क्रूरसेनाला काशीयात्रेला धाडलं. त्यावर वरची आळी खवळली. मग आमच्या नाथाजीनं तलवार काय भोपळा चिरायला उपसली, असं तिचं म्हणणं पडलं. तेव्हा नायकालाही काशी दाखवणं भाग आलं. आता आधी कोण निघणार? मास्तरांनी रंगमंचाला दोन दारं केली. शिव्यांचंही तेच झालं. "नीचा, नराधमा" होतं, तिथं "अहो नराधमराव" आलं.

शुक्रवारच्या तालमीत दोघे वैरी समोरासमोर आले, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून दोन दारांनी काशीला गेले आणि पडदा पडला. मास्तरांना रडू आलं. माणूस मेल्याशिवाय सांगलीकर खुर्चीतून उठत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी पंत येऊन पुढच्या बाकावर बसले. मास्तरांनी मन घट्ट केलं आणि मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. आता क्रूरसेन मीच होणार, त्यांनी जाहीर केलं. मी कुठल्याच आळीचा नाही, मी मेलो तर कुणाचं नाक कापलं जाणार नाही. दोघांनीही नायक व्हावं आणि मला मारावं.

हे सगळ्यांना पटलं. जरा जास्तच पटलं. गेले पाच महिने या माणसानं त्यांच्याकडून 'किंकर्तव्यविमूढ' म्हणवून घेतलं होतं. पोरांच्या हातांवरचे छडीचे वळ वेगळेच. नाथाजीनं तलवार उगारली आणि तो थबकला. आकारामकडं वळून म्हणाला, "आदी तुमी."

नऊ वर्षांत नाटकाबाहेरचा हा पहिला शब्द होता. आकारामनं मान हलवून पहिल्या घावाचा मान नाथाजीचाच असल्याचं सांगितलं. नाथाजी ऐकेना, तुम्ही लढाई बघितलेली माणसं म्हणाला. हे बराच वेळ चाललं आणि शेवटी दोघांनी मिळूनच घाव घातला. मागून सैनिक आले, प्रधान आले, ती दासीही आली. दासी म्हणजे आखाड्यातला पैलवान होता. मास्तर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कोलमडत गेले, त्यांनी हात जोडले, आईला हाक मारली आणि धाडकन खाली कोसळले. वहीत यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

पंत बाकावरून उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. नाटक अगदीच टाकाऊ आहे, असं ते स्पष्टच बोलले. पण असं मरण आपण उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, मरणाऱ्या गृहस्थांना उद्याच आपल्याबरोबर सांगलीला धाडावं.

मास्तर भुईवर पडल्या पडल्या ऐकत होते. अकरा वर्षांची वही कुणाला नको होती याचं दुःख झालं, पण सांगली मिळत होती. ठणकत्या अंगानंही त्यांचा जीव हरखला. हो म्हणायला ते कोपरावर उठले, तोच बनुबाई पदर खोचून मधे आली. तिच्यामागं आकाराम होता आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून नाथाजी.

"आवं पंत, मास्तर कुटं जायाचं न्हाईत," ती म्हणाली. "दोनी आळ्यांनी मिळून मारायला आमाला दुसरं कोन हाय?"