शड्डूचा आवाज

डॉक्टरांनी जानराव पहिलवानांच्या दंडाखालची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती वाळत घातलेल्या धोतरासारखी हलली. थांबायलाही तिनं वेळ घेतला.

"मांडीचंही असंच हाय," म्हणत जानरावांनी धोतर वर सरकवलं.

पंचफुलाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नवऱ्याचं अंग सगळ्या नांदगाव खंडेश्वरनं लंगोटावर पाहिलं होतं. पण अकोल्याच्या दवाखान्यात ते असं उघडं पडलेलं त्यांना बघवेना.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. भाजलेल्यांना कातडी लावायचे. जास्तीची कापून घ्यायला आलेला त्यांचा हा पहिलाच माणूस.

"वजन उतरलं कशानं?"

"कुस्ती सुटली, पन खुराक सुटला नाई. साखर लागली. मंग तुमच्यासारकाच एक डॉक्टर म्हने, वजन उतरवा त वाचसान. दूध बंद, तूप बंद, बदाम बंद. वाचलो." वाचल्याची नोंद त्यांनी खर्चाच्या बाजूला केली.

"मग आता त्रास काय? खाज? जखमा?"

"वाजत नाई."

"काय वाजत नाही?"

"शड्डू, डॉक्टरसाहेब," पंचफुलाबाई भिंतीकडूनच बोलल्या. "ह्यायचा शड्डू वाजत नाई."

नांदगावच्या कुस्त्यांच्या दंगलीचा रिवाजच तसा. आखाड्यात आधी गावचा जुना पहिलवान उतरतो, दंड-मांडी ठोकतो, आणि तो आवाज झाला की पहिली जोड सुटते. जानरावांचा शड्डू बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जातो असं लोक म्हणत, आणि जानराव लोकांना कशाला खोटं पाडतील? गेल्या साली मात्र ओल्या गोणपाटावर काठी मारल्यागत आवाज निघाला. आधी पोरं हसली. मग पोरांना गप्प करणारेही हसले.

"औंदा पंच म्हनते, त्या शेषराव पहिलवानाले उतरवू," जानराव म्हणाले. "डफ ढिला पडला त आपुन तापवून तानतो का नाई? तसं तानून द्या साहेब. जास्तीचं कापून फेका."

डॉक्टरांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"कापता येईल. दंडाला काखेपर्यंत शिवण येईल, मांडीला जांघेपर्यंत. साखर ताब्यात ठेवलीत तर जखमाही भरतील. पण आवाज यायचा नाही, पहिलवान. तो कातडीचा नव्हताच. खाली मांस होतं, त्याचा होता."

"मंग मांस भरा."

"ते माझ्या हातात नाही."

"आन मी खाऊन भरलं त?"

"तर साखर तुम्हाला ठेवायची नाही."

जानरावांनी इकडून हिशेब मांडला, तिकडून मांडला. मग धोतर खाली ओढलं. "बरं," म्हणाले. चीत झाल्यावरही ते कधी इतकं हळू बोलले नव्हते.

व्हरांड्यात रोग्यांची रांग होती. एका बाकावर जागा होती, तिथं दोघं टेकली. जानरावांचा उजवा पंजा मांडीवर उघडत होता, मिटत होता.

पंचफुलाबाई त्या पंज्याकडे पाहत राहिल्या. लग्न झालं तेव्हापासून रोज पहाटे अंगणात शड्डू वाजायचा आणि रोज त्या करवादायच्या, "अवो, लेकरं उठतेत ना!" लेकरं आता आपापल्या घरी. पहाट गुपचूप येते, आणि त्या गुपचूपपणानंच त्यांना जाग येते.

"ठोका," त्या म्हणाल्या.

"काऊन चार लोकायत हसं करतं माह्यं?"

"आंगावर नोका ठोकू. याच्यावर ठोका." त्यांनी दोघांच्या मधल्या फळीवर बोट टेकवलं.

जानराव बायकोकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात खांद्याच्या वर नेला आणि खाली आणला.

फळी जुन्या सागाची होती. रांगेतली झाडून सगळी तोंडं वळली. औषधं बांधायची सोडून कंपाउंडर पळत बाहेर आला.

"काय पडलं? कोण आहे तिकडे?"

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पडलं काईच नाई," त्या म्हणाल्या. "पहिलवान आले हाय."