तुम्ही काय केलंत?

आईची बढती पुन्हा हुकली. एवढ्या मोठ्या कंपनीचा डिस्पॅच विभाग तिच्या जिवावर चालायचा, पण मुलाखतीत ती दर वेळी आपटायची. या खेपेला तर मी घरी तिची उजळणी घेतली होती.

"गोदामात पाणी शिरलं त्याबद्दल विचारलं ना?"

"विचारलं की. म्हटलं, आम्ही सगळी खोकी डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेली."

"आई! 'मी' म्हणायचं ठरलं होतं. सारखं आम्ही, आम्ही! तू काय महाराणी लागून गेलीस?"

"अगं, साहेबांनीच विचारलं, तुम्ही काय केलंत? 'तुम्ही' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सगळी माणसं उभी राहिली. एकटीने कुठे काय केलंय मी?"

मी कपाळाला हात लावला. तिच्या हाताखाली शिकलेले साहेब झाले आणि ती होती तिथेच राहिली, याचा राग तिच्यापेक्षा मलाच जास्त होता.

पुढच्याच वर्षी ती आजारी पडली. शेवटच्या दिवशी अतिदक्षता विभागाचं दार उघडून नर्स बाहेर आली. व्हरांडाभर डिस्पॅचची माणसं उभी होती. हमाल, ड्रायव्हर, टायपिस्ट बायका. कुणी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होतं, कुणाला हुंदका आवरत नव्हता. नर्सने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि गोंधळून विचारलं, "यांतली पेशंटची मुलगी कोण?"

मला हात वर करावा लागला.